एमएसमध्ये व्यायाम: घरची सायकल, योगवर्ग की पोहण्याचा तलाव?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार. तो असलेल्याने व्यायाम करावा का, यावर आता वाद उरलेला नाही. काही दशकांपूर्वी डॉक्टर सांगायचे, दमू नका, पडून राहा. आज नेमकं उलटं सांगतात. व्यायामाने एमएसचा अटॅक, म्हणजे लक्षणांचा नवा झटका, येत नाही. तेव्हा निवडायचं आहे ते कुठला करायचा एवढंच. चालता येतं, पण थोड्या वेळात पाय जड होतात आणि एक पाऊल घासायला लागतं, अशांसाठी हे लिहितो आहे.

तिन्ही पर्यायांना पहिली कसोटी उष्णतेची. नसांवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असलं की शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश अडखळतात. नजर धूसर होते, पाय लटपटतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे म्हणे, धन्य ते! अंग गार झालं की लक्षणं ओसरतात, कायमचं नुकसान होत नाही. पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या छताखालच्या हॉलमध्ये वर्ग असेल, तर तो कितीही चांगला असला तरी आपल्या कामाचा नाही.

या कसोटीवर घरातली, जागच्या जागी चालवायची सायकल सहज उतरते. समोर पंखा, मानेवर ओला पंचा, आणि वाटेल तेव्हा थांबायची मुभा. तोल कच्चा असेल तर पाठीला टेकू असलेली, पाय पुढे पसरून चालवायची सायकल घ्या. पेडलला पट्टा हवाच, नाहीतर कमजोर पाऊल सारखं निसटतं. खोट एकच, पण मोठी: बसून तोल सुधारत नाही. म्हणून फिजिओकडून दोन-चार व्यायाम शिकून जोडीला घ्यावे लागतात, हात न टेकता खुर्चीतून उठबस किंवा ओट्याला धरून टाचा उचलणं असे. आणि कंटाळा येतो, हेही खरं.

योगाच्या बाबतीत मात्र कुठला योग, हे आधी बघा. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेत १९७५ पासून भिंतीचे दोर, लाकडी विटा, लोड, पट्टे, खुर्च्या घेऊन आसनं शिकवतात. त्रिकोणासनात पाठ भिंतीला आणि हात खुर्चीवर असला की पडायची धास्ती जाते आणि आखडलेला पाय नीट ताणता येतो. याच पद्धतीची अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एमएसच्या ६९ रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. एक गट योगाचा, एक सायकलचा, एक नुसता वाट पाहणारा. योग आणि सायकल, दोन्ही गटांत थकवा कमी झाला. स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांत मात्र दोघांनाही काही फरक पडला नाही. थोडक्यात, थकव्यासाठी यातलं अमुकच घ्या असं म्हणायला आधार नाही. जे आपल्याकडून टिकेल ते घ्यावं.

सोसायटीच्या हॉलमधला भराभर सूर्यनमस्कारांचा वर्ग ही वेगळी गोष्ट. तिथे घामाघूम होतो, आणि ‘डोळे मिटून वृक्षासन’ म्हटलं की आपली पंचाईत. पायाच्या संवेदना मंदावलेल्या असल्या तर तोल डोळ्यांच्या भरवशावर असतो. ते मिटले की माणूस कोसळतोच.

तलाव कागदावर सर्वांत उत्तम. पाणी अंगाचा भार उचलतं, गारही ठेवतं, पडलं तरी लागत नाही. पाणी २७ ते २९ अंशांचं असावं. सांधेदुखीसाठी गरम ठेवलेले उपचार-तलाव आपल्याला सोसत नाहीत. पण खरी अडचण पाण्याबाहेर असते. ओली फरशी, अरुंद चेंजिंग रूम, आणि अर्धा तास हलकं वाटल्यावर शिडी चढताना पोत्यासारखे झालेले पाय. त्यात रिक्षाने जाणं-येणं धरलं की व्यायामाआधीच निम्मी शक्ती खर्च. सोबत माणूस आणि उतरता कठडा असेल तरच मी तलाव सुचवेन.

माझं मत: सुरुवात सायकलने आणि फिजिओच्या व्यायामांनी करा. पाय फार आखडत असतील आणि शिक्षक लक्ष देणारा असेल तर आठवड्यातून एकदा योगाची जोड द्या. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी कॅनडाच्या २०१३ च्या शिफारशी आठवड्यातून दोनदा अर्धा तास दमश्वासाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, एवढंच मागतात. तिथवर पोचायला वेळ लागू द्या. सुरुवातीला पाच-दहा मिनिटंही चालतील. बोलता येईल इतपतच दम लागावा. दुसऱ्या दिवशीही अंग मोडून पडलं असेल तर वेळ कमी करा. नवा अटॅक वाटत असेल तर सगळं थांबवून आधी न्यूरॉलॉजिस्टला फोन.

शिक्षक शोधताना मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई किंवा पुण्याच्या शाखेत विचारून पाहा. आणि वर्गात नाव घालण्याआधी शिक्षकांना तीन गोष्टी विचारा: एमएसच्या रुग्णाला आधी शिकवलंय का, भिंतीलगतची जागा मिळेल का, मध्येच पडून राहिलं तर चालेल का. तिसऱ्याला आढेवेढे घेतले तर दुसरा वर्ग बघा.