उद्यमनगरात चेंबरला बुश मारून घेतला, त्याचा अनुभव

गाडी २०११ ची होंडा सिटी, पेट्रोल. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, ते गेल्यापासून मी चालवते. कागल ते कोल्हापूर रोजचं जाणं-येणं, नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये. दिवाळीनंतर गाडी लावतो तिथल्या फरशीवर तेलाचा डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, आठवड्यात बशीएवढा. डिपस्टिकवरचं तेल वरच्या खुणेपासून निम्म्यावर आलेलं बघितलं आणि पोटात गोळा आला.

ऑइल बदलून तीन आठवडे झाले होते. ज्या गॅरेजात बदललं तिथल्या पोरानं चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, तेल सोडायचा ड्रेन बोल्ट हवेच्या गननं आवळला होता आणि मी समोर उभी होते. तेव्हाच थांबवायला हवं होतं. गाडी परत नेली तर त्यांनी बोल्ट काढला, टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि तसाच बसवला. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत चकचकीत तारेचं वेटोळं अडकलेलं होतं. ते चेंबरचे आटे होते. बोल्ट पोलादी, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा. जास्त जोर पडला की मऊ धातूच सोलून निघतो.

या बोल्टला लागतो तो जोर ३९ न्यूटन-मीटर, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण चार किलो. पंचवीस सेंटिमीटरचा सतराचा पाना असेल तर टोकाला सोळा किलोचा दाब झाला. एका हातानं होतं हे. खाली अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर असतो, तो चेपून तेल अडवतो आणि दर वेळी नवा घालायचा असतो. जुना चेपलेला वॉशर पुन्हा घातला की थेंब येतो, थेंब आला की आणखी आवळतात, आणि असे आटे जातात.

नवा चेंबर बसवायचा तर मजुरीसह नऊ हजारांच्या आसपास खर्च सांगितला गेला. एकानं जाडा बोल्ट सुचवला, आपले आटे आपणच कापत जाणारा. तो थोडा जरी तिरका शिरला तर वॉशर सपाट बसत नाही, भोकाभोवतीच्या धातूला चीर जायची भीती राहते, आणि कापलेला कीस सरळ इंजिनच्या तेलात पडतो. मला ते नको होतं.

शेवटी लॅबची उपकरणं जिथे दुरुस्तीला देतो त्यांनी शिवाजी उद्यमनगरातलं एक लेथचं दुकान सांगितलं. दुकानाला पाटी नाही, दोन लेथ, एक ड्रिल मशीन, दारात ओतीव कामाचे सुटे भाग रचलेले. मिस्त्री साठीचे असतील. गाडीखाली वाकून बोल्टवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आटं गेल्यात सगळं. पर गाडीखाली झोपून मी टॅप मारणार न्हाई. कीस आत गेला तर इंजनाचं वाटोळं हुईल. चेंबर उतरून आणा, मग बघू."

मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. टॅपला, म्हणजे आटे कापायच्या हत्याराला, ग्रीस लावून, कीस त्याला चिकटवत खालूनच काम उरकणारे पुष्कळ आहेत, आणि ते कधी कधी जमतंही. पण हे उरकायला तयार नव्हते. शेजारच्या गॅरेजात पिट आहे, त्यांनी चेंबर उतरवून दिला. हा चेंबर सिलिकॉनवर चिकटवलेला असतो, पातळ पातं घालून चारी बाजूंनी सोडवावा लागतो. त्यातच दीड तास गेला. डिझेलनं धुतल्यावर तळाला अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण सापडले. टेफ्लॉनचे तुकडेही होते. ते तेलाच्या जाळीपर्यंत गेले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

मिस्त्रींनी आधी व्हर्निअर लावून भोकाभोवतीची जाडी मोजली, तीन ठिकाणी. मी रोज मुलांना व्हर्निअर वाचायला शिकवते, त्यामुळे बघत राहिले. शून्याची चूक आहे का ते जबडे मिटवून तपासलं, मगच माप घेतलं. मी तारेच्या स्प्रिंगचे आटे बसवतात त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, जिथे बोल्ट एकदाच बसवायचा तिथे ते उत्तम, पण हा बोल्ट वर्षातून एक-दोनदा निघणार, कधीतरी स्प्रिंग बोल्टासंगं बाहेर येते.

मग त्यांनी ईएन-८ पोलादाच्या गजातून बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली छोटी नळी, वळला. बाहेरून वीस मिलिमीटरचे आटे, आतून चौदाचे, दोन्हींचं पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटर, एका टोकाला पातळ कॉलर. आणि तो बुश त्यांनी चेंबरच्या आतल्या बाजूनं बसवला. मी का म्हणून विचारलं तर बोल्ट हातात घेऊन फिरवून दाखवला. खालून बोल्ट सोडवताना पाना ज्या दिशेनं फिरतो, त्याच दिशेनं आतून बसवलेला बुश आणखी आवळला जातो. बोल्टाबरोबर बुश निघून हातात येण्याचा प्रश्नच मिटला. आट्यांना लॉक करणारं द्रावण लावलं, पंचचे दोन ठोके मारले, आणि बाहेरचं तोंड ड्रिल मशीनवर घेऊन वॉशरसाठी सपाट केलं. शेवटी चेंबरमध्ये डिझेल ओतून तो वर्तमानपत्रावर तासभर ठेवला. कागद कोरडा.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. सकाळी अकराला या म्हणाले आणि काम हातात घेतलं साडेतीनला, कारण मध्ये एका कारखान्याचा शाफ्ट आला. बसायला जागा नाही, बाईमाणसानं दिवसभर थांबायचं तर अवघडच. बुशची कॉलर आत बसावी म्हणून खाच घेतली आहे, पण पूर्ण नाही, जाडी कमी होईल म्हणून. त्यामुळे तळाला दोन-चार चमचे जुनं तेल अडून राहतं. हे त्यांनी काम करण्यापूर्वीच सांगितलं होतं. वॉशर मात्र आपण न्यायचा, त्यांच्याकडे नसतो. मला तेवढ्यासाठी दुसऱ्या टोकाला जावं लागलं.

बुशचे ६५० रुपये, चेंबर उतरवून बसवण्याचे शेजारच्यांनी १,४०० घेतले, तेल आणि फिल्टर वेगळं. बिल वहीतल्या कागदावर हातानं लिहून मिळालं. सिलिकॉन पक्कं व्हावं म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवली आणि मी एसटीनं घरी गेले.

आज पाच महिने झाले. गेल्या रविवारी पहिल्यांदा तेल बदललं, माझ्यासमोर, कागलमध्ये. बोल्ट पान्याच्या एका झटक्यात सुटला, बुश जागचा हलला नाही. परत बसवताना मेकॅनिकला मी आधी बोटांनी फिरवायला लावलं. शेवटपर्यंत बोटांनीच गेला, अजिबात न अडता. मग नवा वॉशर, आणि लॅबमधून आणलेला टॉर्क पाना, ३९ वर टक् वाजेपर्यंत. फरशीवर पुठ्ठा अजून टाकते रोज रात्री. सकाळी उचलून बघते, कोरडा असतो.