करप्याचे ‘क्षारयुक्त औषध’ आणि ८५० रुपये किलोचा खाण्याचा सोडा

कळमेश्वरकडील आमच्या दीड एकर रब्बी कांद्यावर फेब्रुवारीतील अवकाळी पावसानंतर जांभळा करपा हा बुरशीजन्य रोग दिसू लागला. पातीवर आधी पांढरट, किंचित खोलगट ठिपके पडले आणि आठवडाभरात त्यांचा मधला भाग जांभळा झाला. नागपूरला कॉटन मार्केट परिसरातील एका कृषी सेवा केंद्रात मी पात दाखवली, तेव्हा दुकानदाराने ‘नैसर्गिक क्षारांपासून बनवलेले, विषमुक्त’ अशी पांढरी पूड ८५० रुपये किलोने दिली. मी दोन पाकिटे घेतली. पक्के बिल मागितल्यावर त्याने कच्ची चिठ्ठी पुढे केली, आणि ती मी मुकाट्याने खिशात घातली, ही चूक सर्वस्वी माझी.

त्याने सांगितल्याप्रमाणे १५ लिटरच्या पंपाला ६० ग्रॅम पूड टाकून फवारणी केली. दहा दिवसांत डाग वाढलेच. पुन्हा गेलो, तर ‘मात्रा कमी पडली, १५० ग्रॅम टाका’ असे सांगून त्याने आणखी दोन पाकिटे गळ्यात मारली. त्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी पातीचे शेंडे वाळून पांढरे पडले. हा करपा नव्हता, ही औषधानेच भाजलेली पात होती.

उरलेली पूड स्वयंपाकघरात नेऊन चमचाभर वाटीत घेतली आणि त्यावर लिंबू पिळले, तर ढोकळ्याच्या पिठासारखी ती भसाभसा फुगली. मात्र फसफसणे धुण्याच्या सोड्यातही होते, म्हणून खात्री करण्यासाठी महाराजबागेजवळील कृषी महाविद्यालयात गेलो. तेथील प्राध्यापकांनी द्रावणात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) पाहण्याची पट्टी बुडवली. सामू आठच्या थोडा वर आला, तर धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास येतो. म्हणजे आमच्या किराणा दुकानात ८० रुपये किलोने मिळणारा खाण्याचा सोडाच मी दहापट दराने विकत घेतला होता.

या फसवणुकीला अर्धसत्याचा आधार होता, हे येथे नमूद केले पाहिजे. सोडियम बायकार्बोनेटचे (म्हणजेच खाण्याच्या सोड्याचे) किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटचे सौम्य द्रावण पानाच्या पृष्ठभागावरील बुरशीला रोखते, आणि पानांवर पांढरी पूड पसरल्यासारख्या दिसणाऱ्या भुरी रोगावर त्याचा उपयोग जगभर केला जातो. परंतु भुरीची बुरशी पानाच्या वरच पसरते, तर जांभळ्या करप्याची बुरशी पातीच्या आत शिरते. तेथे हे क्षार पोहोचत नाहीत, आणि जे पातीवर राहतात ते पहिल्या पावसात धुऊन जातात. शिवाय कांदा क्षारांना नाजूक, आणि सोडियम वारंवार जमिनीत गेले की आमच्यासारखी काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होऊ लागते. प्राध्यापकांनी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटरला २५ ग्रॅम, तेही चिकट द्रव्यासह घेण्यास सांगितले, कारण कांद्याच्या मेणचट पातीवर पाणी ठरत नाही. पात खरवडून रस शोषणाऱ्या फुलकिड्यांचा बंदोबस्तही त्यांनी तितकाच महत्त्वाचा मानला. फुलकिड्यांनी केलेल्या जखमांतूनही बुरशीला वाट मिळते.

तक्रारीसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात गेलो असता, बिल नाही आणि पाकिटेही फोडलेली, त्यामुळे अधिकृत नमुना घेता येणार नाही, असे सांगण्यात आले. तेथेच पाकीट नीट वाचले. नोंदणीकृत बुरशीनाशकावर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, अंतिम मुदत आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असतो. येथे यांपैकी काहीही नव्हते. पुढच्या बाजूला ‘करपा’ हा शब्द ठळक होता, तर मागे बारीक अक्षरांत ‘केवळ पीक पोषणासाठी’ अशी ओळ होती. दुकानदारानेही नंतर त्याच ओळीवर बोट ठेवून हात वर केले.

मार्चअखेर पुन्हा त्या दुकानावरून गेलो, तेव्हा काउंटरवर तशाच पाकिटांची रास होती. वजन तेच, किंमत तीच. फक्त कांद्याच्या जागी संत्र्याचे चित्र होते.