बंदा आचेचे त्सुनामी संग्रहालय : वास्तू अप्रतिम, इतिहास मात्र कुंपणाबाहेर

इंडोनेशियाला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक बालीहूनच परततात. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील आचे प्रांत निकोबारच्या अगदी शेजारी असूनही आपल्या सहलींच्या यादीत तो क्वचितच दिसतो. या प्रांताची राजधानी बंदा आचे येथील त्सुनामी संग्रहालयासाठी वाट वाकडी करावी का, असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे होकार देईन. मात्र केवळ तेवढेच पाहून परत निघणाऱ्याला आचे अर्धेच कळेल, हेही त्याला लगेच सांगेन.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आठच्या सुमारास आचेच्या पश्चिमेला समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा शहरात शिरल्या. इंडोनेशियात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६७,००० माणसे गेली आणि त्यांतील जवळजवळ सर्व आचेतील होती. त्यांच्या स्मरणार्थ उभारायच्या वास्तूसाठी २००७ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. ती बांडुंगचे वास्तुरचनाकार रिदवान कामिल यांनी जिंकली (पुढे ते पश्चिम जावाचे राज्यपाल झाले) आणि २००९ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले. आचेतील पारंपरिक घर खांबांवर उभे असते. त्याच धर्तीवर ही इमारत जमिनीपासून उचललेली असून, पुन्हा लाट आलीच तर लोकांना वर चढून जाता यावे, असा तिच्या छताचा विचार केलेला आहे. बाहेरच्या जाळीदार भिंतींची नक्षी आचेच्या ‘सामान’ या पारंपरिक नृत्यातील शरीरांच्या हालचालींवरून घेतलेली आहे.

आत शिरताच एका अरुंद, जवळपास अंधाऱ्या बोळातून जावे लागते. दोन्ही बाजूंना उंचच उंच भिंती, त्यांवरून सतत ओघळणारे पाणी, त्याचा आवाज आणि अंगावर उडणारे तुषार एवढेच तेथे आहे. मजकुराचा एकही फलक नाही, आणि तो नसल्याची उणीवही भासत नाही. हा बोळ संपल्यावर त्या दिवसाची छायाचित्रे दाखवणारे पडदे असलेले दालन लागते आणि त्यानंतर येते ती प्रार्थनेची विहीर. वर निमुळत्या होत जाणाऱ्या या गोल मनोऱ्याच्या भिंतींवर मृतांची नावे ओळीने लावलेली आहेत आणि माथ्यावर, जेथून उजेड आत येतो तेथे, अरबी लिपीत अल्लाहचे नाव आहे. मान वर करून तेथवर पाहताना ओळीच्या ओळी धूसर होत जातात आणि एका मर्यादेनंतर नावे वाचता येईनाशी होतात. या दालनात सेल्फी काढणारे लोकही भेटतात; त्याला वास्तूचा इलाज नाही.

तेथून चढत्या वळणवाटेने बाहेर पडले की तलावावरचा पूल लागतो. त्यावर मदतीला आलेल्या देशांचे ध्वज आणि त्या त्या भाषेत ‘शांतता’ हा शब्द आहे. भारतीय नौदलाने त्या वेळी ‘ऑपरेशन गंभीर’ या नावाने आचेतील मेउलाबोह येथे मदत पोहोचवली होती आणि ‘निरूपक’ हे जहाज रुग्णालयाच्या रूपात धाडले होते. अंदमान-निकोबार आणि तमिळनाडूचा किनारा त्याच लाटांनी उद्ध्वस्त झालेला असताना हे घडले, याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही. वरच्या मजल्यांवरील देखावे, मोडकी वाहने आणि भूकंपशास्त्राची माहिती शाळकरी मुलांना उपयुक्त आहे. मोठ्यांनी तेथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप आहे तो विषयाच्या मर्यादेबद्दल. संग्रहालयाचा सारा भर एका सकाळवर आहे, आणि ती सकाळ ज्या प्रदेशावर कोसळली त्याची कहाणी बाहेर शोधावी लागते. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही, कारण शेजारीच केरकॉफ ही डच सैनिकांची दफनभूमी आहे. १८७३ मध्ये डचांनी आचेच्या सल्तनतीवर स्वारी केली. पहिल्याच मोहिमेत त्यांचा सेनापती क्योलर बैतुर्रहमान मशिदीपाशी मारला गेला आणि युद्ध पुढे कित्येक दशके रेंगाळले. दफनभूमीतील दोन हजारांहून अधिक मृतांची नावे प्रवेशद्वाराच्या भिंतींवर कोरलेली आहेत. विहिरीतील नावे पाहून आल्यावर ही नावे वाचावीत, असा माझा आग्रह राहील. आम्ही घेतलेल्या शहरदर्शनाच्या सहलीत या जागेचा समावेशच नव्हता, तो हट्टाने करून घ्यावा लागला. लढाईत जळालेली मशीद डचांनीच १८७९ ते १८८१ या काळात एका घुमटासह पुन्हा बांधून दिली. आज तिला सात घुमट आहेत आणि २००४ च्या लाटांतही ती उभी राहिली.

त्याआधीचा काळ तर अधिकच समृद्ध आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलतान इस्कंदर मुदाच्या अमलाखाली आचे ही मलाक्का सामुद्रधुनीतील मोठी सत्ता होती आणि १६४१ पासून शतकाच्या अखेरपर्यंत तिच्या गादीवर ओळीने चार राण्या बसल्या. त्या दरबारातील वजनदार विद्वान नूरुद्दीन अर्-रानिरी हे मूळचे सुरतेजवळच्या रांदेरचे. पोर्तुगीजांविरुद्ध सोळाव्या शतकात आचेने ऑटोमन सुलतानाकडे मदत मागितली होती; तेथून आलेल्या तुर्कांच्या कबरी बिताई येथे आहेत आणि त्सुनामीनंतर त्याच बिताईत तुर्कस्तानच्या रेड क्रेसेंट संस्थेने घरे बांधून दिली. पुरातत्त्वज्ञांना तर याच किनाऱ्यावर चौदाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या त्सुनामीचे पुरावे मिळाले आहेत: सखल भागातील वस्त्या तेव्हा नष्ट झाल्या, टेकडीवरची लामरी ही वस्ती टिकली, आणि पुढे किनारा नव्याने वसत असतानाच आचेच्या सल्तनतीचा उदय झाला. म्हणजे आपत्तीनंतर नव्याने उभे राहणे हा या प्रदेशाच्या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि संग्रहालयाने हा धागा ठळकपणे पुढे आणायला हवा.

पुनर्बांधणीचे काम कुंतोरो मांगकुसुब्रोतो यांच्या नेतृत्वाखालील खास यंत्रणेने २००५ ते २००९ या चार वर्षांत पार पाडले आणि त्या काळात १,४०,००० हून अधिक घरे बांधली गेली. हे शक्य झाले त्यामागे १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत झालेला शांतता करारही होता. १९७६ पासून चाललेला ‘स्वतंत्र आचे’ चळवळ आणि सरकार यांच्यातील सशस्त्र संघर्ष त्या कराराने थांबला. देणगीदारांनी बांधलेल्या वसाहती मात्र फिरून पाहाव्यात. किल्लारीनंतर आपल्याकडे उभ्या राहिलेल्या चौकटबंद आखणीच्या गावांशी त्यांची तुलना सहज सुचते. डोक्यावर छप्पर वेळेत आले, पण कोळ्याचे घर किनाऱ्यापासून किती दूर असावे, हा प्रश्न काही ठिकाणी मागे पडला.

आचेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील सिमेउलुए बेटाची गोष्टही येथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. १९०७ च्या त्सुनामीनंतर तेथे ‘स्मोंग’ची (त्सुनामीसाठीचा स्थानिक शब्द) कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली: मोठा भूकंप होऊन समुद्र मागे हटला तर डोंगराकडे पळा. भूकंपाच्या केंद्राला इतके जवळ असूनही सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर २००४ मध्ये अवघे सात जण दगावले.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तिकीट नाममात्र आहे. प्रांतात शरियतचे कायदे लागू असल्याने अंगभर कपडे घालावेत; मशिदीच्या आवारात जाताना स्त्रियांनी डोके झाकावे. शुक्रवारी दुपारी शहर थंडावते, त्यामुळे संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्यावी. क्रम सुचवायचा तर सकाळी पुंगे ब्लांग चुत वस्तीतील वीजनिर्मितीचे २,६०० टनी जहाज पाहावे: लाटांनी ते बंदरातून उचलून दोन-तीन किलोमीटर आत आणून टाकले आणि ते आजही तेथेच, घरांच्या मधोमध, आहे. त्यावर चढून आल्यावर संग्रहालयातील बोळाचा अर्थ वेगळाच लागतो. नंतर केरकॉफ, मग मशीद आणि दिवेलागणीला उले कारेंग या भागातील कॉफी. कापडी गाळणीतून उंचावरून ओतलेली ही कॉफी चांगलीच कडक असते; दुधाची सवय असणाऱ्यांनी ‘सांगेर’ ही दूध घातलेली कॉफी मागवावी.