पाच पुंगळ्या आणि सत्तावीस हजार

बंदूक दुरुस्तीचे आकडे आधी सांगतो, कारण तेच जास्त झोंबतात. एक्स्ट्रॅक्टर १४,५०० रुपये. इजेक्टर ६,८००. 'चेंबर रीमिंग', म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग आतून कोरणं, ४,५००. पाच बार उडवून चाचणी १,२००. एकूण २७,०००. त्यातले १०,००० यूपीआयनं आगाऊ, १७,००० रोख. पावती नाही. आणि एवढं मोजून बंदूक नेली तेव्हापेक्षा वाईट अवस्थेत घरी आली.

दुकानदार परवानाधारक होता. रस्त्यावरचा लोहार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे 'तिकडे गेलातच कशाला' हा प्रश्न कुणी विचारणार नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ : दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणजे कायद्यानं जिथं जायला सांगितलं तिथंच गेलो आणि तिथंच नागवला गेलो. बाकी पद्धत तुम्हाला माहीत आहेच. माल परदेशी, भाग मिळत नाही, 'एकच पीस आहे, उद्या राहील की नाही सांगता येत नाही.'

बंदूक रेमिंग्टन ८७०, बारा बोअर, जुनी, पुढची पकड मागंपुढं ओढून चालवायची पंप बंदूक. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला ऑक्टोबरात पोलीस ठाण्यात जमा केली, डिसेंबरात परत मिळाली. मधले दिवस ती रेक्झिनच्या कव्हरातच उभी होती. कोकणातला ऑक्टोबर आणि वर रेक्झिन, म्हणजे आत घाम धरणारच. जमा करताना कव्हर काढून द्या, नळीत आणि चेंबरमध्ये तेलाचा हात फिरवा, आणि पोचपावतीवर 'नळी व चेंबर गंजविरहित' असं लिहून घ्या. अंमलदार हसेल. हसू दे.

परत आल्यावर पहिल्याच बाराला पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, चेंबरमध्ये बसून राहिली. इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण सगळी लूट याच फरकावर उभी आहे. पुंगळी चेंबरमधून ओढून काढणं हे एक्स्ट्रॅक्टरचं काम. तो बोल्टच्या, म्हणजे पकडीसोबत मागंपुढं सरकणाऱ्या ठोकळ्याच्या, उजव्या अंगाला बसतो, पुढं नखासारखा वळलेला, मागून प्लंजर (छोटी दांडी) आणि स्प्रिंगनं रेटलेला. ओढून आणलेली पुंगळी बाहेर भिरकावणं हे इजेक्टरचं काम, आणि तो रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या पोलादी पेटीच्या, डाव्या भिंतीला आतून रिव्हेटनं पक्का केलेला असतो. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर दोष चेंबरचा, काडतुसाचा किंवा नखाचा. चेंबरमधून निघाली पण रिसीव्हरमध्ये लोळत राहिली, तर इजेक्टरकडे बघायचं, किंवा आपण पंप पूर्ण मागं ओढला नाही हे कबूल करायचं. माझी पुंगळी चेंबरमध्ये होती. इजेक्टरचा संबंध शून्य.

पंपाची पकड मागं येतच नसेल तर पुंगळी भिंतीला चिकटली आहे. पकड झटकन मागं आली आणि पुंगळी तिथंच राहिली, तर नख पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून घसरतंय. पुंगळीच्या कडेचा तुकडाच उडाला असेल तर नख बिचारं ठीक आहे, चेंबर खरखरीत आहे. माझी पकड मागं येत नव्हती. म्हणजे चेंबर. हे मला दुकानात जायच्या आधी कळलेलं होतं, आणि तरीही मिस्त्री म्हणाला, "एक्स्ट्रॅक्टर गेलाय साहेब, इजेक्टरपण बसलाय," तेव्हा मी मान डोलावली. का डोलावली? त्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये परवाना होता, माझ्या भिंतीवर नाही. एवढंच कारण.

अकरा दिवसांनी फोन आला. काउंटरवर मिस्त्रीनं पाच लाल डमी काडतुसं भरली आणि खटाखट पंप केला. पाचही उडून समोरच्या बाकावर पडली. "बघा, मख्खन!" मी खूश. अरे, डमी अडकणारच कशी? खरा बार उडतो तेव्हा दाबानं पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते, आणि दाब उतरला की थोडी आकसते. ती आकसली नाही किंवा भिंत खरखरीत असली की अडकते. डमी फुगतच नाही. गंजून खरखरीत झालेल्या चेंबरमधूनही डमी सुळकन निघेल. डमीनं फक्त पंपाची चाल कळते, एक्स्ट्रॅक्शन कळत नाही. हे मी इतरांना शिकवलेलं आहे. आणि तिथं उभा राहून टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या.

पण फसल्याचा क्षण हा नव्हे. खरा क्षण पुढचा. चाचणीचे १,२०० का, असं विचारल्यावर शेठनं गल्ल्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पाच रिकाम्या पुंगळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "तुमच्याच बंदुकीतून काढल्यात, वास घ्या पाहिजे तर." मी वास घेतला! बंदुकीच्या दारूचा ताजा वास होता. पुंगळ्या हातात होत्या, ट्यूबलाइट डोक्यावर होती, चष्मा नाकावर होता, आणि मी कड सोडून वास घेतला.

घरी येऊन भिंगाखाली धरल्या. पाचही पुंगळ्यांची पितळी कड गुळगुळीत. पंपातून निघालेल्या पुंगळीच्या कडेवर नखाचा चावा दिसतो, बारीक चकाकणारी खाच, बोटाच्या नखाला लागते. माझ्या जुन्या पुंगळ्या शेजारी ठेवल्या, प्रत्येकीवर खाच. या पाचांवर एकही नाही. कुणाच्या तरी दुनळीतून (तिच्यात असं नख नसतं) काढलेल्या पुंगळ्या मला १,२०० रुपयांना विकल्या होत्या. चाचणीला आपलीच काडतुसं द्या, बुडाच्या पितळेवर कायम मार्करनं १ ते ५ आकडे घाला, आणि तेच आकडे परत मागा.

मग बंदूक उघडली. आधी मॅगझिन रिकामं, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासून. पकड अर्धी मागं, मॅगझिनची टोपी सोडवायची, नळी पुढं ओढून काढायची. मग रिसीव्हरच्या आतला डावा शेल लॅच दाबून पकड पुढं सरकवली की बोल्ट तिच्यासोबत बाहेर येतो.

इजेक्टर : ८७० मध्ये तो बदलायचा तर जुने रिव्हेट काढावे लागतात, नवे ठोकून बाहेरून रिसीव्हरच्या पृष्ठभागाशी घासून सपाट करावे लागतात, आणि तेवढ्या भागाला पुन्हा काळं करावं लागतं. माझ्या रिसीव्हरची डावी बाजू जशीच्या तशी, जुन्या ओरखड्यांसकट. ६,८०० रुपये आणि इजेक्टरला कुणी बोटही लावलेलं नाही.

चेंबर : टॉर्च मारला तर गंजाचं वलय तिथंच, वर ग्रीसचा थर. हे त्यांचं ४,५०० चं रीमिंग.

आणि एक्स्ट्रॅक्टर. तो मात्र खरंच बदलला होता. माझा कारखान्याचा काढून घेतला आणि त्या जागी हातानं घासलेला एक तुकडा बसवला. भिंगाखाली कानशीचे आडवे ओरखडे सरळ दिसत होते, नखाची धार गोल. बारीक कानस हलकेच फिरवून पाहा : कडक केलेल्या पोलादावरून ती घसरते, मऊ लोखंडात रुतते. इथं लोण्यासारखी रुतली. 'मख्खन' म्हणाला होता ते बहुधा याबद्दलच. माझा चांगला भाग दुसऱ्या कुणाच्या तरी बंदुकीत १४,५०० ला गेला असणार. जुना भाग परत मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'भंगारात टाकला' म्हणाले तर म्हणा, भंगारच द्या.

मूळ दुखणं किती किरकोळ होतं ते लिहितो, म्हणजे २७,००० किती मोठे होते ते कळेल. सुटी केलेली नळी. चेंबरला सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, कारण प्लास्टिकच्या पुंगळ्यांचा पातळ थर भिंतीवर साचतो आणि तोही पकडतो. मग नळीच्या मापापेक्षा थोडा जाड पितळी ब्रश, कारण बारा बोअरचा साधा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो. तरी खरखर राहिली तर जुन्या ब्रशला सगळ्यात बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल गुंडाळायची, तेलात भिजवायची, आणि हळू फिरणाऱ्या ड्रिलवर वीस-तीस सेकंद. थांबा, पुसा, बघा, पुन्हा. एका जागी धरून ठेवायचं नाही. चेंबर साधारण ७० मिलिमीटर, त्याच्या पुढं नळी निमुळती होते, तिथं जायचं नाही. पॉलिश पेपर, एमरी, दळायची पेस्ट यांतलं काहीही नको. चेंबर मोठं झालं की ते लहान करता येत नाही. गंजानं खड्डे पाडले असतील तर ही मलमपट्टी चालणार नाही, मग नळीच बघावी लागते. माझं वलय वरवरचं होतं. तीन फेऱ्यांत गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत.

काडतुसाच्या बुडाला चुंबक लावायची सवय ठेवा. चिकटलं तर वर पितळेचा मुलामा, आत लोखंड. पितळ फुगून परत आकसतं, लोखंड तेवढं आकसत नाही, म्हणून खरखरीत चेंबरमध्ये तेच आधी अडकतं. आणि अडकलेली पुंगळी सोडवायला दस्ता जमिनीवर आपटणाऱ्यांनो, नळी तेव्हा तुमच्या हनुवटीखाली असते. मॅगझिन रिकामं करा आणि पुढून लाकडी दांड्यानं ढकला.

खोटा एक्स्ट्रॅक्टर दुसऱ्या जिल्ह्यातल्या परवानाधारकाकडून बदलून घेतला. ४,२०० रुपये, पावतीसह, जुना तुकडा सीलबंद पाकिटात परत.

आता पावतीचं. बिल मागितल्यावर शेठ म्हणाला, "बिल पाहिजे तर अठरा टक्के वर." २७,००० वर ४,८६० होतात. मी वाचवले. हो, मीच. कुठलाही माणूस वाचवतो. पण त्या ४,८६० नं पुढचं सगळं बुडवलं.

पोलीस ठाण्यात गेलो. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. साहेबांनी पुंगळ्यांकडे पाहिलंही नाही. "ही दिवाणी बाब आहे." भाग काढून घेतला ही दिवाणी बाब कशी, असं विचारल्यावर सूर बदलला : "गुन्हा नोंदवतो, पण बंदूक मुद्देमाल म्हणून जमा होईल. कोर्टातून सोडवून घ्या." म्हणजे पुन्हा तीच ओली खोली, तेच कव्हर. मी उठलो. उठायला नको होतं. गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना लेखी, टपालानं पाठवता येतं. ते नंतर पाठवलं. पोच आली, बाकी काही नाही.

गृह शाखेत गेलो, परवाना देणारे तेच. लिपिक म्हणाला, दुकानाची तपासणी लावू. दुकानाच्या दुरुस्ती नोंदवहीत माझ्या बंदुकीपुढं 'साफसफाई, ५०० रुपये' असं लिहिलेलं निघालं. नोंद आहे म्हणजे नियम पाळला, म्हणून तपासणी समाधानकारक! पुंगळ्या दाखवू का, म्हटलं. म्हणाला, "पुंगळ्या आमच्या अखत्यारीत येत नाहीत." बंदूक दुरुस्तीला टाकताना नोंदवहीतली नोंद स्वतः वाचा आणि काम व रक्कम आपल्यासमोर लिहायला लावा. मी फक्त सही केली होती, रकाना रिकामा असताना.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ : तक्रार क्रमांक मिळाला, दुकानाला संदेश गेला, दुकानानं उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. कायद्यात लिहिलंय, चाचणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल, लागत असेल तर पाच. तिथं दाखल केली, तर समोरचा वकील पहिल्या तारखेला म्हणतो, १०,००० चा यूपीआय हा काडतुसांचा आगाऊ. यूपीआय करताना शेरा लिहायची जागा असते, ती रिकामी सोडली होती मी. 'एक्स्ट्रॅक्टर दुरुस्ती' एवढं लिहायला किती वेळ लागतो?

परवा गृह शाखेचं पत्र आलं. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात येत आहे.' तेच ठाणं. तिसऱ्यांदा.