सतरा दिवस टिकले, पण साराचं काय?

आमचा दादरचा भाजीवाला गावाला गेला म्हणून ॲपवरून एक किलो टोमॅटो मागवले, पाकिटावर "जास्त दिवस टिकणारे" असं मोठ्ठं लिहिलेलं आणि किलोमागे वीस रुपये जास्त. रिव्ह्यू टाकायला उशीर झाला कारण टोमॅटो संपेनात आणि खराबही होईनात.

टिकण्याला पैकीच्या पैकी मार्क. ऐन पावसाळ्यातली दमट हवा, ओट्यावर टोपलीत उघडे ठेवलेले, सतराव्या दिवशी शेवटचा चिरला तरी कडक! नेहमीचे आणले की चौथ्या दिवशी तळाचा एक पाणी सोडतोच आणि शेजारच्या दोघांना घेऊन जातो.

बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला तर लगेच सुरू, मेण लावतात, इंजेक्शन मारतात. अहो नाही हो, हा गुण बियाण्यातूनच येतो. टोमॅटो पिकताना स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो, तोच त्याला लाल करतो आणि मऊही करतो. १९६०च्या दशकात अशी झाडं मिळाली ज्यांची फळं लालच होईनात, त्या गुणाला रिन म्हणतात. तो आईबाप दोघांकडून आला तर फळ पिवळटच राहतं, एकाकडूनच आला तर लाल होतं पण सावकाश, आणि नरम पडायला वेळ लावतं. टिकाऊ हायब्रीड काढणाऱ्यांनी ही युक्ती भरपूर वापरलीय. जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेला, वगैरे म्हणाल तर तसा टोमॅटो अमेरिकेत १९९४ मध्ये फ्लेवर सेव्हर म्हणून आला होता, काही वर्षांत गाशा गुंडाळला, आपल्याकडे जीएम टोमॅटोला परवानगीच नाही. आणि शेतकऱ्याचं पण बरोबरच आहे ना, नारायणगावहून क्रेट भरून घाट उतरून वाशीला माल यायचा म्हणजे मऊ टोमॅटोची वाटेतच चटणी.

पण चव! पिकणं लांबवलं की वास आणि गोडवा पण मागे राहतो. सार केलं तर रंग छान, बाकी नुसतं गरम पाणी, शेवटी दोन आमसुलं टाकली. सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "आज सोलकढी गरम केलीस का गं?" साल पण जाड, मिक्सरमधून काढून गाळलं तर गाळणीत मूठभर चोथा. चार फ्रिजमध्ये ठेवले ती तर माझीच चूक, साधारण १२ अंशांखाली टोमॅटोचा उरलासुरला वासपण जातो.

कोशिंबीर आणि सँडविचला मात्र झकास, गर घट्ट असल्याने पाणी सुटत नाही, लेकाच्या डब्यातला ब्रेड दुपारपर्यंत कोरडा राहतो. त्यासाठी परत मागवेन. पाचपैकी तीन स्टार.

भाजीवाला परवा परत आला. सारासाठी पाव किलो लालभडक, दाबले तर फुटतील असे मागितले, तर तराजूत टाकायच्या आधी विचारतो, "ताई, आजच वापरणार ना?"