चर्चच्या लग्नाची फुलं आणि मार्केट यार्डचा फूलबाजार : आमचा अनुभव

जानेवारीत धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हापासून मंडळीतल्या दोन-तीन जणींनी विचारलं की सजावट कुणाला दिली होती, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कुणालाच दिली नव्हती. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारातून फुलं आणली, रविवार पेठेतून रिबन आणली आणि घरच्या सहा जणांनी मिळून केलं. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः फूलबाजाराचाच आहे.

आधी एका डेकोरेटरला बोलावलं होतं. त्याने चर्च बघितलं, फोटो काढले आणि मधली वाट प्लस वेदी मिळून 38 हजार सांगितले, त्यातही निम्मी फुलं कापडी. मला त्याचा रागच आला कारण आमचं चर्च जुनं दगडी, सागवानी बाक, उंच छप्पर, तिथे प्लॅस्टिकचा गुलाब बघवत नाही हो. पुण्यात 1825 चं सेंट मेरीज घ्या नाहीतर 1885 चं पंचहौद घ्या, अशा चर्चमध्ये आत पाऊल टाकलं की इमारतच अर्धी सजावट करून ठेवलेली असते, आपण फक्त नवरी चालते ती वाट तेवढी जिवंत करायची असते. आणि माझं ठाम मत आहे की त्या वाटेला रंगापेक्षा वास जास्त लागतो. वधू पप्पांचा हात धरून आत येते तेव्हा लोक उभे राहतात, मागच्यांना काही दिसत नाही, पण वास सगळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून आमचं मुख्य फूल निशिगंध. बाजारात त्याला गुलछडी म्हणतात, हे माहीत असू द्या. सुटी गुलछडी किलोवर मिळते, ती हाराची, आपल्याला पाहिजे ती 'काडी', लांब दांड्याची.

लग्न शनिवारी दुपारी 4 ला, म्हणून आम्ही शुक्रवारी पहाटे साडेपाचला यार्डात. खाली सगळं ओलं असतं, चपला नको, बूट घाला. हमाल डोक्यावर ओझं घेऊन येतात त्यांना आधी वाट द्या, मधे उभं राहून फोटो काढत बसू नका. पहिल्या दोन गाळ्यांवर आम्हाला कुणी विचारलंच नाही कारण आमची खरेदी छोटी, पण तिसऱ्या गाळ्यावरच्या काकांना सांगितलं की बहिणीचं लग्न आहे, चर्चमध्ये, पांढरी फुलं पाहिजेत, तर त्यांनी स्वतः उठून गड्ड्या काढून दिल्या. डच गुलाबाची गड्डी 20 फुलांची असते. काकांनी शिकवलं की वरच्या पाकळ्या बघून गुलाब घेऊ नका, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या काळपट असतातच, त्या फूल सांभाळायला ठेवलेल्या असतात, नंतर काढून टाकायच्या. फूल देठाच्या जवळ चिमटीत धरून हलकं दाबायचं, कडक लागलं तर ताजं, मऊ लागलं तर कालचं. मी तिथेच दोन वेगवेगळ्या गड्ड्यांवर करून बघितलं आणि फरक बोटाला लगेच कळला!

जर्बेरा 3 गड्ड्या, गुलाब 3, गुलछडी काडीच्या 6 जुड्या, ॲस्टरच्या 8 जुड्या, थोडा जिप्सोफिला (गुच्छात भरायची बारीक पांढरी फुलं) आणि कामिनीचा पाला, सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. आमच्या दिवशीचा हा भाव, रोजचा वेगळा असतो. दसरा-दिवाळीला फुलं महाग होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण जानेवारीच्या शेवटी गुलाबही चढतो कारण मावळातला माल व्हॅलेंटाईन डेसाठी बाहेर जायला लागतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लग्न असेल तर गुलाबाचा हट्ट सोडा आणि कार्नेशन बघा. बरेच जण लेंट (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) लागायच्या आधी म्हणून नेमकी तीच तारीख धरतात.

रिबनचं काम रविवार पेठेत अर्ध्या तासात झालं. एक इंची सॅटिन, क्रीम रंग, पूर्ण रोल घेतला. पांढरी घेऊ नका, ताज्या फुलांशेजारी निळसर दिसते. फक्त एक चूक झाली, वाटेवर अंथरायला म्हणून एका दुकानातून पातळ पांढरा रोल घेतला आणि दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की चालायला एकदम सेफ आहे. आदल्या संध्याकाळी बहीण हील्स घालून चालून बघत होती तर तिसऱ्या पावलाला टाच आरपार गेली. रोल गुंडाळून ठेवला आणि शहाबादी फरशी स्वच्छ पुसून तशीच ठेवली, आणि खरं सांगते तीच सुंदर दिसली. पायघडी पाहिजेच असेल तर मांडववाल्याकडून जाड कार्पेट भाड्याने घ्या.

बाक एका बाजूला 14, म्हणजे दोन्हीकडचे 28, आम्ही एकाआड एक सजवले, म्हणजे 14 गुच्छ. प्रत्येकात तीन काड्या गुलछडी, दोन जर्बेरा, ॲस्टर आणि पाला. गुलाब फक्त वेदीपाशी आणि पुढच्या दोन बाकांना. बाकांना सेलोटेप अजिबात लावू नका, जुन्या लाकडाचं पॉलिश टेपबरोबर निघून येतं आणि मग पाळकसाहेबांना काय तोंड दाखवणार. रिबनने बांधा, आणि गुच्छाच्या मागे कापडाची घडी ठेवा म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. गुच्छ सुतळीने बांधले, तारेने नाही, तारेचं टोक गाऊनच्या नेटमध्ये अडकतं.

वेदीच्या दोन फुलदाण्यांना फुलं खोचायचा हिरवा फोम वापरला. हा फोम पाण्यात हाताने दाबून बुडवायचा नाही, नुसता पाण्यावर ठेवून द्यायचा, तो स्वतःहून हळूहळू गडद होत खाली जातो. दाबला तर आत हवा अडकते, वरून ओला दिसतो पण मधे कोरडा राहतो आणि तिथे खोचलेलं फूल दोन तासांत मान टाकतं. आत्याने पहिला ठोकळा दाबलाच होता, तो कापून बघितला तर मधोमध फिकट हिरवा, कोरडा ठणठणीत! रात्री सगळी फुलं बादल्यांमध्ये ठेवली, दांडे तिरके कापून. गुलाबाला भरपूर पाणी, जर्बेराला मात्र तीन-चार बोटंच, जास्त पाण्यात त्याचा दांडा कुजतो. जर्बेराच्या फुलांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या शेवटपर्यंत काढू नका.

शनिवारी सकाळी 9 ला बांधायला सुरुवात केली, साडेअकराला संपलं. दुपारी 4 पर्यंत गुलछडीच्या खालच्या कळ्या उमलल्या होत्या, आणि दार उघडलं तेव्हा जो वास आला तो आईच्या चेहऱ्यावर मला दिसला. एकूण खर्च फुलं, रिबन, फोम, रिक्षा धरून 4,100. वेदीची फुलं तशीच ठेवली, रविवारच्या उपासनेला तीच होती.

फूलबाजाराला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण बिल कुणी देत नाही आणि ऑर्किड, लिलियम मला तिथेही महागच वाटलं. रोख आणि सुट्टे ठेवा, दोन मोठ्या बादल्या घरूनच न्या, जिप्सोफिला शेवटी घ्या नाहीतर बाकीच्या गड्ड्यांखाली चुरगळतो. मे मध्ये मामेभावाचं लग्न आहे, त्या उन्हात जर्बेरा घेणार नाही, नुसती गुलछडी आणि कामिनी, आणि बांधायलाही सकाळी न बसता दुपारी 1 नंतर बसणार.