कास्ट आयर्न बुलेटची तेलगळती काढून घ्यायचीय? उद्यमनगरातल्या गॅरेजचा रिव्ह्यू

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बुलेटचं एक गॅरेज आहे, पाटीबिटी काही नाही, पत्र्याचं शेड आणि दारात कायम जुन्या गाड्या उघड्या पडलेल्या, तिथं माझी 1996 ची स्टँडर्ड 350 (कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचं जुनं इंजिन) तेलगळतीसाठी दिली होती. काम होऊन अख्खा पावसाळा गेला आणि आत्ता रिव्ह्यू टाकतोय, मुद्दाम, कारण तेलगळतीचं काम गॅरेजमधून बाहेर पडताना सगळ्यांचंच चकाचक दिसतं, खरं काय ते दोन-तीन महिने गाडी तापून थंड होऊन झाल्यावर कळतं. आधीच सांगून टाकतो, कास्ट आयर्नवाल्यांनी डोळे झाकून जावं, फक्त घाई असेल तर जाऊ नये.

जुनी बुलेट म्हणजे तेल गळणारच, गळत नसेल तर तेल संपलंय समजा, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की बास. गाडीवाले तर म्हणतातच पण मेकॅनिकपण हेच ऐकवून पैसे घेऊन पाठवतात. मला हे अजिबात पटत नाही. मान्य आहे, इंजिनाची रचनाच अशी आहे की गळायला जागा भरपूर. मूळ डिझाइन इंग्लंडचं, रेडिचचं, 1955 पासून मद्रासला जोडणी सुरू झाली आणि किरकोळ बदल करत हेच इंजिन 2010 च्या आसपासपर्यंत चाललं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, डावीकडं प्रायमरी चेनचं कव्हर, उजवीकडं टायमिंग कव्हर, त्या कव्हरवर तेलाच्या दोन पंपांची दोन छोटी झाकणं, हेडकडं बाहेरून जाणारे तेलाचे पाईप, वर रॉकरची दोन कव्हरं, आणि ब्लॉकच्या उजव्या बुडाला, वॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटवरचं, ते प्रसिद्ध टॅपेट कव्हर. एवढे जॉइंट म्हटल्यावर कुठंतरी ओलावा येणार हे ठीकच, पण स्टँडखाली रोज थारोळं हे काही नशीब नाही, त्याला कारण असतं, आणि बहुतेक गॅरेजला कारण शोधायचा कंटाळा असतो.

याआधी दुसऱ्या एका गॅरेजात (नाव घेत नाही) हेच काम करून घेतलं होतं. त्यांनी टायमिंग कव्हर उघडलं, नवीन पॅकिंग टाकलं आणि वरून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन एवढा थापला की कव्हरच्या कडेनं राखाडी दोऱ्या लोंबत होत्या. थोडे दिवस कोरडं राहिलं, मग परत सुरू, आणि आता तर टॅपेट कव्हरमधून जे आधी नव्हतं तिथूनही यायला लागलं. मी परत गेलो तर म्हणाले आता इंजिन उतरवायला लागेल. इंजिन उतरवायचं कशासाठी ते काही सांगता येईना.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पान्हासुद्धा हातात घेतला नाही, आणि तिथंच मला माणूस आवडला. आधी किकवर उभे राहिले. कॉम्प्रेशनवर पिस्टन आणून किकवर वजन टाकायचं, किक तशीच धरून राहिली तर रिंगा आणि वॉल्व्ह बरे आहेत, लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली तर आधी वरचं काम, मग गळतीचं. माझी धरून राहिली. मग गाडी चालू करून ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाईपच्या तोंडावर बोट ठेवलं आणि मलापण ठेवायला लावलं. हवा फुस्स करून बाहेर येत होती आणि लगेच तेवढ्याच जोरानं बोट आत ओढत होती. ते म्हणाले हाच तुमचा रोग, पॅकिंग नाही.

हे जरा नीट सांगतो कारण सगळ्या भानगडीचं मूळ इथं आहे. सिंगल सिलिंडर, 70 चा बोअर, 90 चा स्ट्रोक, 346 सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची तेवढी हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाबली जाते, ती बाहेर जायला वाट पाहिजे, आणि पिस्टन वर जाताना ती परत आत यायला नको, म्हणून ब्रीदरला एकमार्गी वॉल्व्ह असतो, रबराची चोच असते साधी. ते रबर वर्षानुवर्षं गरम तेलात राहून कडक होतं, चिरतं, नाहीतर चिखलानं आणि जुन्या तेलाच्या गाळानं चिकटून बसतं. मग आतला दाब प्रत्येक जॉइंटमधून वाट शोधतो आणि जाताना तेल घेऊन जातो. म्हणजे तुम्ही टायमिंग कव्हर सिलिकॉननं बंद केलं की तो टॅपेट कव्हरमधून येतो, ते बंद केलं की पुशरॉडच्या बाजूनं हेडखालून येतो. माझ्याकडं नेमकं हेच चाललं होतं. ब्रीदरचं रबर काढून हातात दिलं तर वाळलेल्या चिंचेसारखं झालं होतं, चिमटीत दाबलं तर मोडलं. किंमत किती, तर चहा-वड्याची. आधीच्या गॅरेजनं ते बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती म्हणजे गाडी रोज चालवता की उभी असते. उभी असते जास्त. मग म्हणाले सकाळी पहिल्या किकला धूर आणि ब्रीदरमधून तेलाची गुळणी येते का? येते. हे ड्राय संप इंजिन आहे, तेलाची टाकी क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये मागं आणि क्रँकची खोली पुढं, मधे पंप. पंपाची डिस्क झिजली की गाडी उभी असताना तेल टाकीतून झिरपत क्रँकच्या खोलीत जमतं आणि चालू केली की ते सगळं उधळतं. लोक अशा वेळी काय करतात, लेव्हल कमी दिसली म्हणून वरून तेल ओततात, मग तर विचारूच नका. लेव्हल बघायची ती गाडी थोडी चालवून आल्यावर, रिटर्नचं तेल टाकीत परत गेल्यावर, महिनाभर उभ्या गाडीची नाही.

यानंतर धुलाई. रॉकेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, हवा मारून सुकवलं आणि वरून पावडरच्या डब्यातली साधी टाल्कम पावडर फुंकली, पूर्ण उजवी बाजू पांढरीफटक. मग म्हणाले रंकाळ्याला एक चक्कर मारून या. आलो तर पांढऱ्यात जिथून तेल निघतंय तिथून काळी रेघ स्पष्ट दिसत होती. तेल खाली गळतं आणि वाऱ्यानं मागं जातं, त्यामुळं थेंब ज्या बोल्टवर लोंबतो तिथं गळती नसतेच मुळी. मी इतकी वर्षं ज्याला टायमिंग कव्हरची गळती समजत होतो त्यातलं अर्धं वरून, रॉकरच्या तेलपाईपच्या बँजो बोल्टमधून (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) येत होतं. ही पावडरची गोष्ट घरी कुणीही करू शकतं, गॅरेजला जायच्या आधी करून बघा, निम्मं भांडण तिथंच मिटतं.

आता कामाबद्दल. टायमिंग कव्हर काढल्यावर आधीच्या मंडळींचे प्रताप दिसले. कव्हर सुटत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं, ॲल्युमिनियमच्या फेसवर, म्हणजे कव्हर जिथं टेकतं त्या सपाट बाजूवर, दोन ठिकाणी नखभर खड्डे. आणि आत सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे. हे बघून पोटात गोळा आला खरंच, कारण त्याच कव्हरमधून क्रँककडं, म्हणजे बिगएंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) तेल जातं, एखादा तुकडा त्या भोकात बसला असता तर गळतीच्या नादात इंजिनच बसलं असतं. सिलिकॉन वाईट नाही, पण जास्त लावला की बाहेर जेवढा दिसतो तेवढाच आतपण लोंबतो हे लक्षात ठेवा.

मिस्त्रींनी एक जाड काच काढली, टेबलावर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि कव्हरचा फेस इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायला सुरुवात केली. थोडं घासायचं, पुसायचं, निळा मार्किंगचा रंग लावून काचेवर टेकवायचं, जिथं रंग उमटत नाही तिथं फेस खोल आहे. पहिल्यांदा टेकवलं तेव्हा मधल्या भागात काहीच उमटलं नाही, नुसत्या कडा. म्हणजे कव्हर वाकलेलं, स्क्रू एकाच बाजूनं आवळत गेल्यामुळं. मी बराच वेळ बघत उभा होतो, घाई नाही काही नाही, रंग हळूहळू सगळीकडं उमटायला लागला. टॅपेट कव्हरचीपण तीच कथा. त्याला मधे एकच नट असतो, गळायला लागलं की लोक तो अजून आवळतात, कव्हर मधे दबतं आणि कडा उचलतात, म्हणजे जितकं आवळाल तितकं गळणार. त्यांनी ते सपाट करून नवीन पॅकिंगला दोन्ही बाजूंनी नुसतं ग्रीस लावून बसवलं, कारण टॅपेट सेट करायला ते सारखं उघडावं लागतं, तिथं चिकटवायचं कामच नाही.

उद्यमनगरात असण्याचा फायदा इथं दिसतो. एका स्टडचे आटे गेले होते तर शेजारच्या लेथवाल्याकडून लगेच भोक मोठं करून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून आणलं. पुण्या-मुंबईत याच कामाला गाडी चार ठिकाणी फिरवावी लागते, इथं बोळ ओलांडला की लेथ, पुढं ग्राइंडर, पलीकडं फाउंड्री.

तांब्याचे वायसर त्यांनी नवीन टाकले, पण एका मापाचा मिळेना म्हणून जुनाच वापरला, आणि तो गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकला. तांबं दाबून दाबून कडक होतं, तापवलं की परत मऊ होतं आणि बसतं. नंतर त्याच्यावरची काळी खपली घासून काढली. पंपाच्या डिस्क लॅपिंग पेस्ट लावून त्यांच्या जागेवरच घासल्या, आता गाडी आठवडाभर उभी राहिली तरी पहिल्या किकला गुळणी येत नाही. टायमिंग कव्हरला कागदी पॅकिंग आणि अ‍ॅनाबाँड सिलिकॉनचा अगदी पातळ हात, बोटानं पसरून जवळजवळ पुसूनच टाकला म्हणा ना. त्याआधी दोन्ही फेस थिनरनं पुसले, तेलकट फेसवर सिलिकॉन धरतच नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले आणि रात्रभर तेल भरलं नाही, सुकू दिलं. आपल्याकडं गाडी संध्याकाळी पाहिजे म्हणून तासाभरात तेल भरून किक मारतात आणि मग कंपनीच्या नावानं खडे फोडतात.

खर्च सांगतो, मजुरी साडेतीन हजार, त्यात लेथवाल्याचे पैसे आले, पॅकिंग, वायसर, ब्रीदर, 20डब्ल्यू50 तेल हे वेगळं. सिलिकॉन थापणाऱ्यापेक्षा महागच आहे, पण त्या थापण्याचे पैसे मी दोनदा भरलेत, त्यामुळं मला हे स्वस्त वाटतं.

निकाल काय? गगनबावड्यापर्यंत भर पावसात आणि पन्हाळ्याला तर येता-जाता, टायमिंग कव्हर कोरडं, टॅपेट कव्हर कोरडं, हेडपण कोरडं. किकच्या शाफ्टपाशी किंचित ओलं असतं, आठवड्याला फडकं मारलं की जातं. ते गिअरबॉक्सचं आहे आणि मिस्त्रींनी गाडी देतानाच सांगितलं होतं की ही ओल मी आत्ता काढत नाही, शाफ्ट बुशमध्ये हलतोय, नुसती ओ-रिंग टाकून तुमचे पैसे घेणार नाही, गिअरबॉक्स उघडाल तेव्हा बघू. असं तोंडावर सांगणारा मेकॅनिक मी तरी पहिल्यांदा बघितला.

आता न आवडलेलं. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, गाडी झाली का बघायला जावंच लागतं. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळाली नाही, त्याच्यापुढं बरेच दिवस गेले, आणि मधे काय अडलंय ते आपणहून कुणी कळवत नाही. बाहेरगावच्या माणसानं काय करायचं? बिल नाही, सगळं कागदाच्या चिठ्ठीवर. शेडमध्ये जागा कमी असल्यामुळं गाडी उघड्यावर राहते, माझ्या टाकीवर एक बारीक ओरखडा आलाय, नेताना नव्हता. हे बोललो तर त्यांनी मजुरीतले पैसे कमी केले, पण ताडपत्री टाकायला काय हरकत आहे? आणि यूसीई, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या इंजिनच्या, नंतरच्या गाड्या ते घेत नाहीत, त्यामुळं 2010 नंतरची क्लासिक घेऊन तिथं जाऊ नका, हेलपाटा पडेल.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी ते लेथवर असतात. पॅकिंगचा सेट बाजारातून स्वतः घेऊन जाऊ नका, स्वस्तातल्या सेटचा कागद पातळ येतो आणि ते तो परत पाठवतात. आणि इंजिन धुवून नेऊ नका, आहे तसं तेलकट न्या, कुठं किती जुना थर बसलाय ते त्यांना आधी बघायचं असतं.